रानओकारी

आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठ्याच्या आत येत नसे. आणि सत्तावन्न सालच्या चातुर्मासात मी रोज सकाळी सावली गावच्या बाजारात कय्यूम खाटकाच्या दुकानापुढे डबा घेऊन उभा असे. बकरा कापल्याबरोबर मांडीचं मांस पाहिजे, ते कोमट पाहिजे, अशी आमच्या डॉक्टरसाहेबांची आज्ञा होती. मी नाकाला रुमाल लावायचो, आभाळाकडे बघायचो आणि डबा आंधळ्यासारखा पुढे करायचो. कय्यूमला त्याची मोठी मौज वाटे.

"गुणवंतभाऊ, तुमी तं खात नाई. मंग रोज रोज नेता कायले?"

"प्रयोगासाठी. उकडतो, मांस फेकून देतो आणि पाणी ठेवतो."

त्यानं सुरी पुसता पुसता माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पानी ठेवता," तो म्हणाला. "बरं हाय, भाऊ. ज्याची त्याची आवड."

आता काय सांगणार त्याला? मी नागपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा मदतनीस. काचेची भांडी धुवायची, द्रावणं करायची, आणि प्राध्यापक म्हणतील तिकडे जायचं. डॉक्टर देवपुजारी विलायतेहून शिकून आले होते, आणि त्या पावसाळ्यात त्यांनी मला चांदा जिल्ह्यात ओढत नेलं. सावलीच्या बाहेर, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथे, सागाच्या डेपोची एक बंद पडलेली इमारत त्यांनी भाड्यानं घेतली. पत्रे गळके, भिंतींना ओल. दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं 'जीवरसायन प्रयोगशाळा' असा फलक लावला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आम्ही जिच्यासाठी आलो होतो ती गोष्ट तुम्ही पाहिली असेल, फक्त नाव ठाऊक नसेल. पावसात कुजलेल्या ओंडक्यावर पिवळं, ओलं, लिबलिबीत काहीतरी पसरतं. बोट लावलं तर बोटाला चिकटून वर येतं आणि परत खाली लोंबतं. त्या मुलखात त्याला रानओकारी म्हणतात. रानाला जे पचलं नाही ते रानानं बाहेर टाकलं, असा त्याचा अर्थ. पायाखाली आलं तर तिथले लोक पाय धुऊन वर राख लावतात. मला विचाराल तर राखसुद्धा कमीच.

डॉक्टरांना मात्र तिचं केवढं कौतुक. "हे बघा गुणवंतराव, हिला पाय नाहीत, तोंड नाही, डोकं नाही. तरी अंधारात ठेवली की ही अन्नाकडे चालत जाते. तिला कोण चालवतं?"

"देवाची इच्छा असेल," मी म्हणालो.

"देवाची नाही. प्रोटीनची."

आडनाव देवपुजारी, आणि बोलणं हे असं. पण त्यांचं म्हणणं मला पुढे समजलं. आपला दंड आखडतो, कारण त्याच्या आत एक प्रोटीन आखडतं. तसंच काहीतरी या ओकारीतही असणार. ते वेगळं काढायचं, दोऱ्याइतका बारीक तंतू करून बशीतल्या पाण्यात सोडायचा आणि वर मांसाच्या उकळीचा थेंब टाकायचा. हालायला जी ताकद लागते ती त्या उकळीत असते. तंतू आखडला, की मुंगीपासून माणसापर्यंत सगळ्यांना हलवणारी वस्तू सापडली. हिवाळ्यात मोठी परिषद होती, आणि डॉक्टरांना तिथे हे सांगायचं होतं.

आणि हे वेगळं काढायचं काम कोणाचं? माझं. ओकारी खलात बर्फावर घोटायची, मिठाच्या थंड पाण्यात कालवायची आणि मलमलीतून हातानं पिळायची. बोटांच्या फटींतून ती पिवळी लाळ यायची. उग्र वास नव्हता, तेच वाईट होतं. बंद घरात कोणी आजारी माणूस खूप दिवस झोपून असावा, तसा तो गोडसर, अंगाचा वास होता. पिळलेलं पाणी काचेच्या नळीत तोंडानं ओढून घ्यायचं आणि मोजून सोडायचं. तेव्हा सगळ्या प्रयोगशाळांत हीच पद्धत होती, ओठ नळीला लावल्याशिवाय काम होत नसे. माझं दुपारचं जेवण त्या दिवसांत अर्ध्यावर आलं होतं.

जेवण करायला मनकर्णाबाई होत्या. डेपोचा जुना चौकीदार सोमाजी, त्याची ही सून. दोघं मागच्या खोपटात राहायची. मनकर्णाबाईंचं वय तिशीच्या आतलं, बोलणं कमी, हातात हिरव्या बांगड्या. त्या बांगड्यांवरून सासऱ्यासुनेत रोज काहीतरी धुसफूस चाले.

झालं होतं असं, की तिचा नवरा वारलू आदल्या पावसाळ्यात रानात लाकूड तोडायला गेला तो परत आलाच नाही. नाल्याजवळ त्याची कुऱ्हाड सापडली. बाकी काही नाही. वाघ म्हणावं तर रक्त नाही, पूर म्हणावं तर नाल्याला पाणी नाही. सोमाजीचं म्हणणं, वर्ष होऊन गेलं, आता पळसाच्या पानांचा माणूस करून जाळू आणि पोराला मोकळं करू. मनकर्णाबाई ऐकत नव्हत्या.

"मेला मनून कोनी पाह्यलं?" एवढंच म्हणायच्या. पळसाचा माणूस जळला की बांगड्या फुटणार होत्या. ती ना सवाष्ण होती ना विधवा, आणि आशेवर दिवस काढत होती.

त्या घरात एक रीत होती. जो माणूस बाहेर गेला आणि परतला नाही, त्याच्या नावानं दोन्ही वेळच्या जेवणातला पहिला घास काढून उंबरठ्यावर पितळीत ठेवायचा. त्याला वाटेचा घास म्हणत. दुसऱ्या दिवशी तो गाईला घालायचा. नवऱ्याचं नाव बाई घेणार नाही, म्हणून ती घास ठेवताना बाहेर बघून हलक्या आवाजात म्हणायची, "या, जेवाले या." दुपारी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मलाच बोलावतेय, आणि मी पाट घेऊन बसलोसुद्धा.

आता घोटाळा कुठे झाला तो ऐका. ओकारीला खायला डॉक्टरांनी ओट नावाच्या विलायती धान्याचे डबे आणले होते. ते पावसात बुरशीनं गेले. "भात घाला," डॉक्टर म्हणाले. मी मनकर्णाबाईंना सांगितलं, रोज मूठभर शिळा भात द्या. त्या घरात शिळा भात उरणार कुठून? सगळं पोटापुरतं. उरायचा तो एकच, पितळीतला. सोमाजीची गाय त्याच महिन्यात विकली गेली होती. अन्न उकिरड्यावर टाकायचं नाही ही शिकवण, म्हणून त्या माउलीनं वाटेचा घास रोज सकाळी आमच्या ओकारीच्या ताटांत घातला. मला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी मी काय म्हणणार होतो? भात तो भात.

ओकारी अशी माजली की विचारू नका. अंधाऱ्या खोलीत, काळ्या कापडाखाली ठेवलेली ताटं भरून वाहायला लागली. डॉक्टर हरखून गेले. सगळ्यात जोमदार गोळा सोमाजीनं नाल्याकाठच्या एका ओंडक्याखालून आणला होता. बाकीचे गोळे त्याला मिळाले की त्याच्यातच विरघळून एक होत. तो त्यांचा स्वभावच आहे, असं डॉक्टर म्हणाले.

तंतू मात्र आखडेना. मी रोज कोमट मांस आणतोय, उकळी काढतोय, थेंब सोडतोय, आणि तंतू बशीत मेल्या गांडुळासारखा पडलेला. डॉक्टरांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. एका दुपारी मी नळीनं रस ओढत होतो. त्यांनी पाठीमागून काहीतरी विचारलं, माझं लक्ष हललं, आणि तो थंड, बुळबुळीत घोट सरळ माझ्या तोंडात आला. मी थुंकलो. थोडा गिळलाही गेला होता. चव भाताच्या पेजेची होती, आणि तिच्या मागे खारट घाम. मी मीठ लावून जीभ घासली, विहिरीवर जाऊन चुळा भरल्या, तरी ती चव जाईना. डॉक्टर म्हणाले, "प्रोटीनच आहे हो, पौष्टिक असतं."

मी चिडून परत येऊन बसलो आणि तंतू सोडला. उकळीचा थेंब टाकला. काही नाही. तेवढ्यात पलीकडे स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर पितळी टेकल्याचा आवाज आला आणि मनकर्णाबाई म्हणाल्या, "या, जेवाले या."

तंतू हलला.

नुसता आखडला नाही. एक टोक उचललं गेलं, स्वयंपाकघराच्या दिशेनं वळलं, आणि बशीच्या काठाला लागून चाचपडत राहिलं. आम्ही दोघांनी पाहिलं. डॉक्टर भिंगावरून डोळा न काढता म्हणाले, "उकळीचा परिणाम उशिरा होतोय." मी म्हणालो, "साहेब, ती बोलली तेव्हा झाला." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पण दिवेलागणीला ते मुद्दाम नवा तंतू सोडून बसले, उकळी न घालता. आणि बाईंनी हाक दिली तेव्हा खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मी बाहेरून ऐकला.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबत नव्हता. भर दुपारी दिवा लावावा इतकं अंधारून आलेलं. बर्फ यायला उशीर होता, डॉक्टर मूल गावाच्या रस्त्यावर मोटारीची वाट बघायला गेलेले. मी ताटांना पाणी शिंपायला अंधाऱ्या खोलीत गेलो. कापड उचललं, ताट रिकामं. दुसरं, तेही. भात तसाच पडलेला, आणि ओकारी नाही. ताटापासून टेबलाच्या पायावरून खाली, जमिनीवरून, भिंतीच्या बुडाशी असलेल्या फटीपर्यंत एक ओला पिवळा पट्टा गेलेला. मी कंदील घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

ओकारी उंबरठ्यावर होती. पितळीत बसली होती, पूर्ण भरून, काठांवरून ओघळत. आणि तिच्यात एक लाट वरखाली होत होती, सावकाश, कोणी जेवून दम घेत असावं तशी. घासातलं एकेक शीत आत ओढलं जात होतं.

मनकर्णाबाई चुलीशी उभ्या होत्या. घाबरलेल्या नव्हत्या.

"भाऊ, ते रोजच येते, रातच्या घासाले," त्या म्हणाल्या. "तुमी सकाळी झाकन काढाच्या आंधी वापस जाते. दुपारचा घास तेवढा मी ताटात टाकतो."

"आणि तुम्ही सांगितलं नाही?"

"काय सांगू? मी बलावतो... अन् ते येते. वर्साभरात पहिल्यांदा कोनी आलं."

डॉक्टर आले. मी म्हणालो, हे सगळं नाल्यात फेकू आणि नागपूरला जाऊ. त्यांनी पळीनं खरवडून ते खलात घेतलं आणि घोटायला मला दिलं. नोकरी होती, मी घोटलं. मलमलीत भरून पिळायला लागलो, तर बोटांना काही टणक टोचलं. खडा असेल म्हणून मी कापड उलगडलं.

नख होतं. माणसाच्या अंगठ्याचं. मधोमध उभं चिरलेलं, दोन पाती झालेलं. ते ओंडक्यातून आलं असं म्हणण्याची सोय नव्हती, कारण ते गोळे मी स्वतः धुऊन चाळून ठेवले होते. शिवाय ते जुनं नव्हतं. मऊ, ओलसर, तान्ह्या मुलाच्या नखासारखं नवं होतं. कडेला जिथून ते सुटलं होतं तिथे गुलाबी मांस लागलेलं होतं.

मनकर्णाबाईंनी माझ्या तळहातावरचं ते पाहिलं आणि खाली बसल्या. "ओंडा पडला होता अंगठ्यावर," त्या म्हणाल्या. "तवापासून दोन फाकाचं नख येत होतं. मीच कापत होती त्याइचे नखं." मग त्यांनी खलाकडे पाहिलं, माझ्या पिवळ्या हातांकडे पाहिलं. "ते रोज येऊन राह्यले, भाऊ... अन् तुमी रोज वाटून राह्यले."

मला तेव्हा ओकारी झाली. तिथेच, मोरीपर्यंतही पोचलो नाही.

सोमाजी धावत आला. नख पाहून त्या म्हाताऱ्याचं तोंड काळं पडलं. आणि पितळीतला घास कुठे जात होता हे कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "वाटेचा घास गाईले देतेत, मनकर्णे. या घानीले काऊन देल्ला? तू माह्या पोराच्या नावानं कोनाले जेवू घालून राह्यली?"

"त्याइलेच घालून राह्यली."

"ते वारलू नाई. रानाले पचला नाई तेवढा भाग हाय तो. आज पळसाचा मानूस करतो अन् त्यावर हे सारं ठेवून जाळतो."

"जित्त्या मानसाले जाळता?"

डॉक्टर मध्ये पडले. त्यांना ताटं हवी होती. ते म्हणाले, कुणाचं तरी नख आहे, उंदरानं आणलं असेल, एवढ्यावर विज्ञान थांबत नाही. पण त्यांचा आवाज पहिल्यासारखा नव्हता, आणि हात त्यांनी पाठीमागे धरले होते. शेवटी मनकर्णाबाईंनीच तोडगा काढला. आज घोटायचं नाही. आज ती पोटभर वाढणार. जे येईल ते सगळ्यांनी पाहायचं. नवरा असला तर ती ठेवून घेईल. नसला तर सोमाजी म्हणेल तसं.

तिनं घरातला होता नव्हता तो तांदूळ शिजवला. भाताचा सगळा गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवला, मलमलीतला चोथा आणि खलातलं खरवडून शेजारी ओतलं, दार लोटलं आणि बाहेर बसून हाक दिली. ती एकदाच देऊन थांबली नाही. पदर मांडीवर घट्ट धरून ती हाका मारत राहिली, प्रत्येक वेळी थोड्या मोठ्या आवाजात. आतून आधी काही नाही. मग ओल्या कणकेवर कोणी तळहात आपटावा तसे आवाज... मग पातेलं घासल्याचा... आणि मग कोणीतरी खूप वेळ पाण्याखाली राहून वर यावं तसा एक मोठा श्वास.

सोमाजीनं दार उघडलं. कंदील माझ्या हातात होता, त्यामुळे सगळ्यात आधी मला दिसलं. देवानं मला तेवढ्यापुरतं आंधळं केलं असतं तरी चाललं असतं.

गंजाच्या कडेला ते बसलं होतं. सहा-सात वर्षांच्या पोराएवढं. पाठ माणसाची, मानेवर पिंगट केस, खाली पाय नाहीत, नुसता पिवळा पसारा. एक हात पूर्ण झालेला. त्या हातानं ते भात उचलत होतं आणि तोंडाकडे नेत होतं, आणि तोंड होतं, ओठ होते, पण त्यांच्या मागे घसा तयार झाला नव्हता. घास आत जाई आणि छातीच्या मऊ भागातून तसाच, लाळेत भिजून, बाहेर पडे. ते पुन्हा तोच उचले. उजेड पडताच चेहरा आमच्याकडे वळला. डोळ्यांच्या जागी कातडी होती. ओठ हलले. कोणाला तरी ओळखल्यासारखे.

त्याचा हात मनकर्णाबाईंकडे आला. अंगठ्याला नख नव्हतं.

मी त्या बाईकडे बघत होतो. वर्षभर जिनं दोन वेळा हाक मारली, ती एक पाऊल पुढे गेली. दुसरं टाकलं. आणि तो वास तिच्यापर्यंत पोचला. तिनं नाकाला पदर लावला.

एवढंच. आपल्याच माणसापुढे तिनं नाकाला पदर लावला, आणि ते तिलाही कळलं. ती जी मागे फिरली ती भिंतीशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी. "मामाजी," ती म्हणाली, "पानं आना."

मला त्या क्षणी तिची जेवढी दया आली तेवढी कधी कोणाची आली नसेल. आणि त्या आतल्या गोष्टीचीही आली, खोटं कशाला सांगू. पण दयेपेक्षा किळस मोठी होती. आम्ही सगळ्यांनी मिळून फावड्यांनी ते टोपल्यांत भरलं. भरताना ते प्रतिकार करत नव्हतं. नुसतं मऊ होऊन पुन्हा ओकारीसारखं होत गेलं.

पाऊस उघडल्यावर नाल्याकाठी सागाच्या छाटांची चिता रचली. पळसाच्या पानांचा माणूस, त्याच्या छातीवर त्या टोपल्या, वर ते नख. डॉक्टरांनी तंतूची एक नळी कोटाच्या खिशात ठेवली होती. मनकर्णाबाईंनी हात पुढे केला. "साहेब, तेवढं बी द्या." त्यांनी दिलं. जळताना वास कय्यूमच्या दुकानातल्या मांसाचा आणि पेजेचा आला. पिवळं पाणी चितेच्या कडेला आगीपासून लांब सरकत होतं, आणि सोमाजी रडत रडत ते काठीनं पुन्हा आत ढकलत होता. स्वतःच्या लेकाला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

सगळी राख झाली. दिवेलागण झाली होती. सोमाजीनं दगड आणून सुनेसमोर ठेवला, बांगड्यांसाठी. तिनं मनगट दगडावर टेकवलं. मग म्हणाली, "एक डाव पाह्यतो. सारे गेले का नाई." आणि राखेकडे तोंड करून, अगदी हळू, रोजच्यासारखं म्हणाली, "या, जेवाले या."

राखेत काही हललं नाही.

माझ्या जिभेच्या मुळाशी हललं. आधी मला वाटलं, आवंढा. पण तो खाली जाईना. तो वर आला, दातांच्या मागून चाचपडत, ओठांकडे. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्या हातांखाली माझी जीभ माझी नव्हती. ती तिच्याकडे वळत होती.

मनकर्णाबाईंनी पाहिलं. खूप वेळ पाहत राहिल्या. मग मनगट दगडावरून उचललं आणि बांगड्या पदराखाली घेतल्या.

"मामाजी, दगड ठेवा बाजूले," त्या म्हणाल्या. "सारे नाई गेले."

आम्ही दुसऱ्या दिवशी सावली सोडली. डॉक्टरांनी तो विषय पुन्हा काढला नाही, परिषदेला ते गेले नाहीत. मी बदली घेऊन काचेची भांडी सोडली आणि शाळेत कारकून झालो. लग्न झालं, संसार झाला. दुपारी आणि दिवेलागणीला तोंड मिटून घट्ट बसायची मला सवय लागली. माणसाला कशाचीही सवय होते. पुढे कय्यूम एकदा नागपूरला भेटला. म्हणाला, सोमाजी गेला, पण मनकर्णाबाई आहे, बांगड्या आहेत, आणि दोन्ही वेळा घास ठेवते. लोक वेडी म्हणतात.

हे इथेच थांबलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंही नसतं. माझी बायको भागीरथा वर्ध्याकडची, जुन्या वळणाची. लग्नापासून ती माझं जेवण झाल्यावर माझ्याच ताटात वाढून घेते, माझं उष्टं प्रसादासारखं खाते. मी किती वेळा नको म्हणालो. कारण सांगता येईना, म्हणून तिनं ऐकलं नाही.

परवा एकादशी होती. आमच्या घरात भात शिजला नव्हता. दुपारी मी ओसरीवर तोंड मिटून बसलो होतो, ती समोर वरईचे तांदूळ निवडत होती. माझी जीभ हलली, नेहमीसारखी. त्याच वेळी भागीरथेचा हात सुपावर थांबला. तिनं गळ्याला हात लावला, आवंढा गिळायचा प्रयत्न केला, आणि मान वळवून दाराबाहेर, सावली गावाच्या दिशेनं पाहिलं. मग सूप बाजूला ठेवून ती उठली आणि चपला शोधायला लागली.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"असं काय करता," ती म्हणाली. "केव्हाची ती बाई जेवायला बोलावतेय. आपण दोघंही जायला हवं."